परीक्षानळीतला निळा

अकरावीच्या रसायनशास्त्रात सेंद्रिय संयुगातील नायट्रोजन ओळखण्याची लासेनची कसोटी असते. पदार्थ सोडियमच्या छोट्या तुकड्याबरोबर तापवायचा, लालभडक झालेली नळी ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून फोडायची, गाळून घेतलेल्या द्रावणात फेरस सल्फेट घालून उकळायचे आणि शेवटी सौम्य सल्फ्युरिक आम्ल टाकायचे. निळा रंग आला की वहीत 'नायट्रोजन आहे' असे लिहून विद्यार्थी पुढच्या कसोटीकडे वळतो. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठल्याही गावचे कनिष्ठ महाविद्यालय घ्या, या निळ्या रंगाशी आपली ओळख एवढ्यावरच आटोपते. नळी धुतली जाते आणि रंग मोरीत जातो.

हा निळा म्हणजे प्रशियन ब्ल्यू, रसायनशास्त्रीय नाव फेरिक फेरोसायनाइड. तो चित्रकाराच्या पेटीत आहे, तसाच रोग्याच्या अस्थिमज्जेतील लोह दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत, विषावरील उताऱ्यांमध्येही त्याचे नाव आहे. एका रंगाला इतकी कामे कशी जमतात, हे त्याच्या रचनेवरून नीट समजते. म्हणून थोडे खोलात जाऊ.

बर्लिनमधील भेसळ

सन १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा कारागीर कोचिनील किड्यांपासून तांबडा रंग तयार करीत होता. त्यासाठी त्याला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि पोटॅश लागे. त्याने वापरलेला पोटॅश डिप्पेल या किमयागाराकडचा होता आणि त्याच्या संपर्कात आधी प्राण्यांच्या रक्तापासून काढलेले तेल आले होते. रक्तातील नायट्रोजन व कार्बन, पोटॅश आणि उष्णता एकत्र आल्यावर जे तयार झाले त्याला आज आपण फेरोसायनाइड म्हणतो. तांबड्याऐवजी गडद निळा साका खाली बसला.

ही भेसळ किती मोलाची होती, हे त्या काळच्या निळ्या रंगांची यादी पाहिली की कळते. उत्तम निळा अफगाणिस्तानातील राजावर्त दगड कुटून मिळे आणि तो फार महाग असे. निळीच्या झाडाचा रंग कापडाला छान बसे, पण चित्रांत तो तितकासा टिकत नसे. त्यामुळे नव्या रंगाची कृती काही वर्षे गुप्त ठेवली गेली. १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ती छापून आली आणि मग हा रंग सगळीकडे बनू लागला. पुढे जपानमध्ये होकुसाईने आपली प्रसिद्ध लाट याच निळ्याने रंगवली.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. १७८२ मध्ये स्वीडनच्या शेलेने या निळ्या रंगावर आम्लाची प्रक्रिया करून त्यातून एक अतिशय विषारी आम्ल मिळवले. निळ्या रंगातून आले म्हणून त्याला 'प्रुसिक आम्ल' म्हणू लागले. १८१५ मध्ये गे-ल्युसॅकने त्यातील कार्बन-नायट्रोजनच्या जोडगोळीला ग्रीक भाषेतील निळ्या या अर्थाच्या शब्दावरून 'सायनोजेन' हे नाव दिले. म्हणजे 'सायनाइड' हे नाव मुळात निळ्या रंगावरून पडले आहे. सायनाइड स्वतः निळे नसते, मग हे नाव कसे, असा प्रश्न वर्गात आला तर त्याचे उत्तर बर्लिनच्या त्या भांड्यात आहे.

ही नीळ नव्हे

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे घर सारवताना चुन्यात नीळ घालतात. विदर्भातल्या खेड्यांत अशा निळसर भिंती अजून दिसतात. पांढऱ्या धोतरांना आणि शाळेच्या गणवेशांना द्यायची नीळ-पूडही तीच. ती प्रशियन ब्ल्यू नव्हे. ती अल्ट्रामरीन, म्हणजे राजावर्त दगडातील रंगाची कृत्रिम आवृत्ती. फ्रान्समध्ये गिमे याने १८२८ मध्ये ती तयार करून दाखवली. चिनीमाती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून ती बनते.

या दोन निळ्यांचे स्वभाव अगदी उलट आहेत. अल्ट्रामरीनला अल्क चालते, आम्ल चालत नाही. प्रशियन ब्ल्यूला आम्ल चालते, अल्क चालत नाही. नीळ-पुडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले तर रंग उडतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो, कारण तिचा रंग जाळीत अडकलेल्या गंधकाच्या तीन अणूंच्या गटामुळे असतो. उलट परीक्षानळीतील प्रशियन ब्ल्यूत चुन्याची निवळी किंवा कॉस्टिक सोड्याचे द्रावण घातले की निळा जाऊन तांबूस तपकिरी साका उरतो. तो फेरिक हायड्रॉक्साइड, म्हणजे गंजाचा भाऊबंद. चुन्याच्या भिंतीवर प्रशियन ब्ल्यू लावला असता तर काही दिवसांत भिंत गंजल्यासारखी दिसली असती. पाश्चात्त्य देशांत एके काळी कपड्यांसाठी हा रंग वापरीत, तेव्हा साबणाचा अंश राहिलेल्या कपड्यांवर असे गंजाचे डाग पडत असत. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे आणि आठवीच्या मुलांनाही समजतो. बाजारातील द्रवरूप नीळ मात्र त्यासाठी घेऊ नये, तिच्यात वेगळेच रंग असतात.

मांडवाचे बांबू

लग्नाच्या मांडवाला तीन दिशांनी बांबू बांधलेले असतात. तसा एक मांडव मनात आणा, जो वर, खाली, चारी बाजूंना संपतच नाही. जिथे बांबू एकमेकांना बांधले आहेत त्या प्रत्येक गाठीवर लोहाचा एक अणू आहे आणि प्रत्येक बांबू म्हणजे कार्बन-नायट्रोजनची जोडी. शेजारच्या दोन गाठींमधले अंतर साधारण अर्धा नॅनोमीटर. १९३६ मध्ये केगिन आणि माइल्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही चौकट मांडली. १९७७ मध्ये लुडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकसंध स्फटिकांचा अभ्यास करून तिच्यातील बारकावा दाखवला: काही गाठी रिकाम्याच असतात आणि तेथे पाण्याचे रेणू बसलेले असतात.

गाठी दोन प्रकारच्या आहेत. बांबूच्या कार्बनच्या टोकाला असलेले लोह फेरस, म्हणजे दोन धनभारांचे. नायट्रोजनच्या टोकाला असलेले लोह फेरिक, तीन धनभारांचे. फेरस लोहाकडचा एक इलेक्ट्रॉन प्रकाशाची ऊर्जा घेऊन शेजारच्या फेरिक लोहाकडे उडी मारू शकतो. या उडीला लागणारी ऊर्जा तांबड्या प्रकाशाएवढी असते. त्यामुळे पांढऱ्या प्रकाशातला तांबडा-नारिंगी भाग शोषला जातो आणि डोळ्यांना निळा दिसतो. सगळेच लोह फेरस असेल तर उडी मारायला जागाच नाही, आणि तो पदार्थ खरोखरच पांढरा असतो. एकाच मूलद्रव्याचे अणू दोन वेगळ्या भारांनी शेजारी बसले म्हणून हा रंग आहे.

शिक्षकांसाठी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. फेरिक क्षार आणि फेरोसायनाइड मिळून प्रशियन ब्ल्यू, तर फेरस क्षार आणि फेरिसायनाइड मिळून टर्नबुल ब्ल्यू, असे दोन वेगळे पदार्थ अनेक जुन्या पुस्तकांत सांगितलेले असतात. मॉसबाउअर वर्णपटाच्या अभ्यासाने हे दोन्ही एकच असल्याचे दाखवून दिले, त्याला आता अर्धशतक होऊन गेले. मिसळताना इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते आणि दोन्ही वाटा एकाच चौकटीपाशी येतात. तरीही परीक्षेत दोन नावे विचारली जातात. आमच्या मते हा भेद पाठ करून घेण्यापेक्षा तो का टिकला नाही हे सांगणे अधिक उपयोगाचे.

या पदार्थात भरपूर सायनाइड असूनही तो विषारी का नाही, हा प्रश्नही स्वाभाविक आहे. सायनाइडचे विष त्याच्या मोकळेपणात असते. येथे प्रत्येक जोडी लोहाला घट्ट बांधलेली आहे आणि जठरातील आम्लानेही ती सहजी सुटत नाही. मीठ गोळा होऊ नये म्हणून त्यात अत्यल्प फेरोसायनाइड घालायला अन्नकायदा परवानगी देतो, तो याच कारणाने. मात्र तीव्र आम्लात घालून तापवले तर ती बांधणी तुटते आणि शेलेला मिळाला तो विषारी वायू बाहेर पडतो. प्रयोगशाळेत फेरोसायनाइड तीव्र आम्लाबरोबर कधीही तापवू नये.

मज्जेतले निळे ठिपके

१८६७ मध्ये जर्मन रोगशास्त्रज्ञ पर्ल्स याने लासेन कसोटीची जणू उलटी बाजू वापरली. कसोटीत आपण लोह घालून नायट्रोजन शोधतो, त्याने फेरोसायनाइड घालून लोह शोधले. शरीराच्या ऊतीचा पातळ काप घ्यायचा, त्यावर पोटॅशियम फेरोसायनाइड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचे. जिथे फेरिक लोह साठलेले असेल तेथे जागच्या जागी प्रशियन ब्ल्यू तयार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी पार्श्वभूमीवर निळे ठिपके दिसतात. हिमोग्लोबिनमधले लोह मात्र निळे होत नाही, कारण ते हीम रेणूच्या कडीत पक्के बसलेले असते. म्हणून ही कसोटी वापरातले लोह सोडून फक्त कोठारातले लोह दाखवते.

रक्तक्षयात ही गोष्ट निर्णायक ठरते. रक्त कमी आहे एवढ्यावरून लोह कमी आहे असे म्हणता येत नाही. अस्थिमज्जेत निळे ठिपके अजिबात नसतील तर कोठार रिते आहे. ठिपके भरपूर असूनही रक्त कमी असेल तर दोष दुसरीकडे आहे आणि लोहाच्या गोळ्या देऊन उपयोग नाही. आज बहुतेक वेळा फेरिटिनच्या रक्तचाचणीवर काम भागते, पण त्या चाचणीची पारख मूळ या निळ्या ठिपक्यांशी ताडूनच झाली आहे.

विदर्भात या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. यवतमाळसह या भागातील आदिवासी आणि इतर अनेक समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. काही रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि शरीरातून दिवसाला बाहेर पडते ते जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. ते यकृतात साठत जाते आणि अशा यकृताचा काप पर्ल्सच्या रीतीने रंगवला तर तो निळाशार दिसतो. वर्गात सिकलसेलचा धडा शिकवताना रक्तक्षयाच्या रुग्णाला लोह जास्त कसे होऊ शकते, असे एखादी मुलगी हमखास विचारते. त्या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे.

पिंजरा आणि पाहुणे

पुन्हा मांडवाकडे येऊ. चार-चार बांबूंच्या मधे जी खिडकी असते तिच्यातून लहान आयन आत-बाहेर करू शकतात. पण लहान म्हणजे किती, हे आयनाच्या अंगावर पाणी किती चिकटले आहे त्यावर ठरते. सोडियमचा आयन लहान असला तरी तो पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे हे ओझे घेऊन शिरणे त्याला जड जाते. सीझियम आणि थॅलियम यांचे आयन मुळात मोठे, पण पाणी सैल धरतात. ते पाणी टाकून आत शिरतात आणि पिंजऱ्यात चपखल बसतात. आतला पोटॅशियम त्यांना जागा करून देऊन बाहेर पडतो.

थॅलियम हा ८१ क्रमांकाचा जड धातू. १८६१ मध्ये क्रुक्सने त्याला वर्णपटातील हिरव्या रेषेवरून ओळखले. त्याच्या आयनाचा आकार पोटॅशियमच्या जवळपास असल्याने शरीर फसते आणि त्याला पोटॅशियम समजून पेशींत घेते. त्याचे क्षार पाण्यात विरघळतात, त्यांना चव नाही, वास नाही. पूर्वी ते उंदीर मारण्यासाठी विकले जात. माणसांचेही बळी जाऊ लागल्यावर अनेक देशांनी ती विक्री बंद केली.

२०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यातील महागाव येथे एकाच कुटुंबातील आणि नात्यातील पाच जण काही दिवसांच्या अंतराने दगावले, आणखी काही जण आजारी पडले. सुरुवातीला कारण उलगडेना. पुढे पोलीस तपासात अन्न-पाण्यातून थॅलियम दिले गेल्याचा आरोप पुढे आला. खटल्याविषयी बोलणे आमचे काम नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने त्यातून एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. थॅलियमची बाधा सुरुवातीला साध्या पोटदुखी-उलट्यांसारखी दिसते, मग तळपायांत असह्य वेदना आणि आग सुरू होते, आणि केस गळण्याचे ठळक लक्षण दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर उपचाराची वेळ निसटत चाललेली असते. लघवीची थॅलियमसाठी तपासणी केली तर निदान होते, पण त्यासाठी आधी कुणाला तरी तशी शंका यावी लागते.

उतारा आहे, आणि तो हा निळा रंगच. शरीर थॅलियम आतड्यात सोडते आणि आतडे तो पुन्हा शोषते, असे चक्र चालू असते. रुग्णाने प्रशियन ब्ल्यू गिळला की तो स्वतः रक्तात जात नाही, आतड्यातच फिरतो आणि तेथे आलेला थॅलियम पिंजऱ्यात पकडून शौचावाटे बाहेर नेतो. चक्र तुटते. शौच निळे होते, त्याने घाबरून जायचे नसते. जर्मनीत हायडलाऊफ यांनी १९६९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या आकड्यांप्रमाणे शरीरातील थॅलियम निम्मा होण्याचा काळ या औषधाने सुमारे ८ दिवसांवरून ३ दिवसांवर येतो, तर सीझियमचा सुमारे ११० दिवसांवरून ३० दिवसांवर.

सीझियमचा अनुभव ब्राझीलमधील गोइयानिया शहराने घेतला. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये एका बंद पडलेल्या रुग्णालयातील कर्करोगोपचाराचे यंत्र भंगार म्हणून फोडले गेले. आतल्या सीझियम-१३७ च्या क्षाराची पूड अंधारात निळसर चमके, म्हणून लोकांनी ती कौतुकाने घरोघर वाटली. चार जण दगावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. एक लाखाहून अधिक लोकांना तपासावे लागले, २४९ जणांना संसर्ग आढळला आणि ४६ जणांना प्रशियन ब्ल्यू दिला गेला. त्याआधीच्या वर्षी चेर्नोबिलची दुर्घटना झाली होती. त्यानंतर नॉर्वेसारख्या देशांत गुरे, मेंढ्या आणि रेनडियर यांना हाच पदार्थ खाऊ घालून दूध-मांसातला किरणोत्सारी सीझियम कमी करण्यात आला. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात अपघात झाला, पण तेथे कोबाल्ट-६० होता. कोबाल्टवर हा उतारा चालत नाही, पिंजरा त्याच्यासाठी नाही.

दिल्लीच्या 'इन्मास' या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या प्रशियन ब्ल्यूच्या औषधांना भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये मान्यता दिली. म्हणजे औषध देशात बनू शकते. गडचिरोली किंवा यवतमाळच्या जिल्हा पातळीवरील रुग्णालयात गरजेच्या दिवशी ते हाताशी असणे, ही वेगळी गोष्ट आहे. क्वचितच लागणाऱ्या औषधांचा साठा कुणी करायचा आणि मुदत संपल्यावर नवा कुणी आणायचा, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नसला तरी त्याच्यावाचून रसायनशास्त्र फुकट जाते.

उतारा विषाच्या नावावर ठरतो, हे यवतमाळला निराळे सांगायला नको. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयात गेले. शेतकरी ज्याला 'औषध' म्हणतो ती दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून फवारण्याची पद्धत असते, त्यामुळे कोणत्या विषाने काय केले हे उलगडणे डॉक्टरांना अवघड जाते. मोनोक्रोटोफॉससारख्या फॉस्फरसयुक्त विषांवर ॲट्रोपिन देतात. ते विष बाहेर काढत नाही, मज्जातंतूंवरचा त्याचा परिणाम अडवते. डायाफेन्थियुरॉनसारख्या विषाला तर खास उताराच नाही. प्रशियन ब्ल्यूचा यांपैकी कशावरही उपयोग नाही, आणि रंगाच्या दुकानातला डबा हे कोणत्याही विषावरचे औषध नव्हे, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. फवारणीला जाणाऱ्या घरातील मुलांना डब्यावरची चिठ्ठी जपून ठेवायला आणि रुग्णाबरोबर डबा न्यायला शिकवले, तरी डॉक्टरांचे अर्धे काम सोपे होते.

या चौकटीत आयन आत-बाहेर करतात म्हणूनच सोडियमच्या विद्युतघटांत आणि रक्तातील साखर मोजणाऱ्या काही संवेदकांतही तिचे भाऊबंद वापरले जातात. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधी.

माती आणि पाने

शाळेत करण्याजोगे दोन प्रयोग सांगतो. पहिला मातीचा. चिमूटभर काळी माती आणि चिमूटभर तांबडा मुरूम वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत घ्या. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतील तर फेस येईल. फेस थांबेपर्यंत थोडे थोडे आम्ल घालत राहा, नाहीतर सगळे आम्ल चुनखडीतच खर्ची पडेल आणि रंग येणार नाही. थोडे कोमट करून गाळा. गाळलेले द्रावण गार झाल्यावर त्यात पोटॅशियम फेरोसायनाइडच्या द्रावणाचा एक थेंब टाका. तांबड्या मुरुमात लोह असणार हे मुले आधीच सांगतील. काळ्या मातीतूनही निळा येतो, तेव्हा ती चकित होतात. ही माती ज्या बेसाल्टपासून झाली त्यातच लोह भरपूर आहे.

दुसरा प्रयोग उन्हाचा. १८४२ मध्ये जॉन हर्शेलने शोधलेली ही छपाईची रीत. घरांचे आणि धरणांचे नकाशे पूर्वी निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांत निघत, ते हिनेच. आराखड्याला 'ब्ल्यू प्रिंट' म्हणतात ते त्यावरून. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवा. मंद उजेडाच्या खोलीत दोन्ही समभाग मिसळून जाड कागदावर कुंचल्याने पातळ थर द्या आणि अंधारात वाळवा. त्यावर कपाशीचे किंवा कडुनिंबाचे पान ठेवून वर काच दाबा आणि उन्हात ठेवा. यवतमाळच्या उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटे पुरतात, ढगाळ दिवशी अधिक लागतील. ऊन फेरिक लोहाचे फेरस करते, ते फेरिसायनाइडशी जुळते आणि निळा तयार होतो. पानाखाली ऊन पोचत नाही, तेथे क्षार तसाच राहतो. पिवळेपणा जाईपर्यंत साध्या पाण्यात धुतले की पांढरे पान निळ्या जमिनीवर उमटते. धुण्याचा सोडा असलेल्या पाण्यात मात्र कागद घालू नये, निळा जाईल, आणि का जाईल ते आता मुलांनीच सांगावे. चित्र बरेच दिवस कडक उजेडात राहून फिके पडले, तर ते काही दिवस अंधारात, हवा लागेल असे ठेवावे. उजेडाने फेरस झालेले लोह हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा फेरिक होते आणि रंग बराचसा परत येतो.